झाकणाच्या आतली खूण

यंदाही भोंग्याची रिक्षा बाजारातून फिरून गेली. नदी वाढते आहे, सखल भागातल्या दुकानदारांनी माल वर घ्यावा. सांगणाऱ्याचा आवाज इतका कंटाळलेला, की असल्या आवाजात कोणी लग्नाचं आमंत्रण दिलं असतं तर मांडवात कुत्रंही फिरकलं नसतं. मी मात्र रिक्षा यायच्या आधीच निम्मं दुकान माळ्यावर चढवलेलं असतं. आमच्या महाडात पाणी न सांगता कधी येत नाही, ऐकणारा पाहिजे. पोलादपूरकडून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरला विचारायचं, नदी कशी आहे म्हणून. तो "लाल हाय" म्हणाला की आपल्या हातात दोन-तीन तास. त्यात सावित्रीच्या खाडीला भरती असली तर तेवढेही नाहीत, कारण वरून आलेल्या पाण्याला मग खाली जायला वाटच नसते. आषाढ-श्रावणात मी पंचांग उघडते ते उपासतापासासाठी नव्हे, भरतीची वेळ काढायला.

माझा स्वभावच तसा. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, ही पोरगी लग्नाच्या हॉलात शिरली की आधी मागचं दार कुठे आहे ते बघते, नवरी मागाहून. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण आमच्या घरी माझ्यापुरतीच राखून ठेवलेली होती. गॅस बंद केला का ते बघायला मी दस्तुरी नाक्यावरून परत आलेली आहे, आणि तेही एकदा नव्हे. तेव्हा माळ्यावर सगळ्यांत आधी काय चढतं हे ऐकून कोणी हसू नये. गिऱ्हाइकांची घड्याळं नाहीत, हत्यारांची पेटी नाही. आधी चढते ती खोकल्याच्या गोळ्यांची एक जुनी चपटी डबी. आत कापसावर काळ्या कडक प्लास्टिकचं एक गोल झाकण आहे, जुन्या रुपयापेक्षा थोडं मोठं. त्याच्या आतल्या बाजूला सुईटोकाने केलेल्या दोन खुणा आहेत. एक माझी आणि एक अश्रफची.

घड्याळदुरुस्तीचं हे दुकान अण्णांचं. त्यांचे हात कापायला लागले तेव्हा भिंग माझ्या डोळ्याला आलं. बाई घड्याळं उघडते हे बघायला सुरुवातीला बिरवाडीहून कारखान्यातले कामगार मुद्दाम यायचे, चालू घड्याळ बंद पडलंय म्हणून. पुढे सगळी घड्याळं सेलवर आली आणि अण्णा कुरकुरायला लागले, घड्याळजी होतो, सेलवाला झालो. पण एक शिस्त त्यांनी सोडू दिली नाही. घड्याळ उघडलं की बंद करण्याआधी झाकणाच्या आत सुईने बारीक खूण करायची. आपलं अक्षर, महिना, साल. गिऱ्हाइकाला ती कधीच दिसत नाही, पुढे ज्याच्या हातात ते घड्याळ जाईल त्या कारागिराला दिसते. जो उघडतो त्याने नाव सांगावं, असं अण्णांचं म्हणणं. जुन्या घड्याळांत अशा पाच-पाच, सहा-सहा खुणा सापडतात. दासगावच्या एका म्हाताऱ्याने उभा जन्म जहाजावर काढला होता, त्याच्या घड्याळात मला एडनच्या कुठल्याशा कारागिराची खूण मिळाली होती. तो सगळा दिवस मी खुशीत होते. ही सवय हाताला अशी जडली की खूण केली का, हे आठवावं लागायचं नाही. केलेलीच असायची.

अश्रफही दासगावचा. आखातातल्या एका लहान कंपनीत तो पाणबुड्या होता. बंदरात उभ्या जहाजांच्या बुडाखाली जायचं आणि चिकटलेले शिंपले, शेवाळ खरवडून काढायचं, हे काम. उन्हाळ्यात तिकडे अंगाची लाही होते म्हणून तो आपल्या पावसाळ्यात दीडेक महिना घरी यायचा. त्या वर्षी जूनच्या अखेरीला दुकानात आला आणि म्हणाला, "ताई, कंप्युटर खोलतेस काय गो?" मला वाटलं, चेष्टा करतोय. आमच्याकडे तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे बँकेतला टीव्हीएवढा डबा. त्याने काउंटरवर ठेवलं ते मनगटावर बांधायचं, वाटीच्या बुडाएवढं काळं यंत्र. एका परदेशी माणसाकडून त्याने ते जुनं विकत घेतलेलं.

मग त्याने समजावलं, आणि समजावलं नसतं तर बरं झालं असतं. पाण्याखाली माणूस जी हवा घेतो तिचा काही भाग रक्तात मुरत जातो. जितकं खोल आणि जितका वेळ, तितका जास्त. वर येताना सावकाश, मध्ये थांबत थांबत यावं लागतं, नाहीतर गोटीच्या सोड्याची बाटली फोडल्यावर होतं ते अंगात होतं. किती खोल आहोत, अजून किती मिनिटं राहता येईल, वर येताना कुठे किती थांबायचं, हे सगळं ते यंत्र सांगतं. वर बोटीत एक माणूस घड्याळ लावून बसतो खरा, पण वरच्या माणसाला चहाही प्यायचा असतो, असं अश्रफ म्हणाला. त्याच्याबरोबरचा एक जण घाईने वर आला होता. तो आता पाय ओढत चालतो आणि कंपनीच्या गोदामात बसून दोर मोजतो. यंत्रातला सेल उतरत आल्याची खूण दिसायला लागली होती. कंपनी म्हणते, कारखान्यात पाठव, दोन महिन्यांनी मिळेल. "दोन महिने मी काय बघून वर येऊ?" अश्रफने विचारलं.

नाही म्हणायला हवं होतं. मी भिंग डोळ्याला लावलं.

सेल तीन व्होल्टचा, लिथियमचा, चपटा. आमच्या धंद्यात त्याला त्याच्या आकड्यांनी ओळखतात, चोवीस-तीस. चोवीस मिलिमीटर रुंद, तीन मिलिमीटर जाड. महाडात मिळायचा तो वीस-बत्तीस, म्हणजे अरुंद आणि वर थोडा जाडही. काही कारागीर नाही तो सेल कसाबसा बसवतात आणि बाजूच्या फटीत सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद कोंबतात. भिंतीवरच्या घड्याळात चालून जातं. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तर माणसाची एसटी चुकते, तेवढंच. मी मुंबईला रोज जाणाऱ्या एका गाडीवाल्याला निरोप दिला, तीन सेल आण, तिन्ही वेगळ्या दुकानांतून. तो म्हणाला, एकाच दुकानातून घेतले तर काय होतं? मी म्हटलं, एक खोटा निघाला तर तिन्ही खोटे निघतात.

तीन आठवडे लागले. पाऊस, बंद रस्ते, गाडीवाल्याच्या बहिणीचं लग्न. सेल हाती आले तेव्हा अश्रफच्या विमानाला तीन दिवस राहिले होते. एक कागदाच्या पुडीत दुसऱ्या सेलांबरोबर सुटा आला होता. तो तिथेच बाद, कारण सुटे सेल एकमेकांना घासले की गुपचूप उतरतात. उरलेले दोन सीलबंद पाकिटात, मुदत बाकी असलेले. पण नुसत्या मीटरवर या सेलाचा भरवसा नसतो. मरायला टेकलेला सेलही तीन व्होल्ट दाखवतो, आणि काम पडलं की मान टाकतो. शेजारच्या रेडिओवाल्याकडून एक छोटा रेझिस्टन्स आणून मी दोन्ही सेलांना आळीपाळीने थोडं राबवलं, आकडा किती खाली येतो ते लिहिलं, एक दिवस ठेवून पुन्हा बघितलं. बोट लावायचं नाही, घामाने दोन्ही बाजू जोडल्या जातात. लोखंडी चिमटा नाही, तोही तेच करतो. प्लास्टिकच्या चिमट्याने, कडेला धरून. अण्णा मागून म्हणाले, अगं, सेल बघतेस की मुलीला स्थळ? मी म्हटलं, स्थळ बघताना एवढं बघत नाहीत म्हणूनच पुढे सगळं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी अश्रफ दासगावहून जीप घेऊन यंत्र न्यायला आला. पाऊस झोडपत होता आणि वीज गेली होती. वीज गेली म्हणजे माझा डबाही गेला. पावसाळ्यात मी घड्याळं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बंद करते, आत चाळीसचा बल्ब लावून. आपल्याकडच्या हवेतलं पाणी झाकणाखाली कोंडलं गेलं की पुढे काचेला आतून धुकं धरतं. त्या दिवशी बल्ब नाही, डबा नाही. आणि थांबायलाही वेळ नाही. पोलादपूरची एसटी आली होती, ड्रायव्हर "लाल हाय" म्हणाला होता, भरतीची वेळ जवळ येत होती. रस्ता बुडाला तर जीप मुंबईकडे निघणार नव्हती आणि संध्याकाळचं विमान चुकणार होतं. विमान चुकलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. आणि यंत्रात सेल नसता तर काय, तो विचारही मला करवत नव्हता.

मी जुना सेल काढला. काच कोरी झाली. अश्रफ आधीच सांगून चुकला होता, की सेल काढला की ते यंत्र माणूस पाण्यात कधी गेला होता, रक्तात किती वायू उरलाय, सगळं विसरतं. म्हणून सेल बदलायचा तो माणूस बरेच दिवस कोरडा असताना. तो चाळीस दिवस कोरडा होता, ती एक गोष्ट त्या सकाळी बरी होती. मी करत होते ते सगळं त्याला दाखवत होते, पुढच्या वेळी तिकडे शुभाताई कुठून येणार, म्हणून. खाच मऊ कापडाने पुसली. रबराची रिंग काढून बघितली, केस किंवा कापसाचा तंतू नाही ना. ग्रीस लावलं, बोटाला नुसती चमक येईल एवढंच. नवा सेल ठेवला, काचेवर सगळे आकडे एकदम पेटले आणि शांत झाले. झाकण फिरवून बसवलं. दुसरा सेल दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून, बटर पेपरात गुंडाळून, एक जास्तीची रिंग आणि थोडं ग्रीस देऊन मी त्याच्या खिशात घातला. जीपवाला हॉर्न वाजवत होता. अश्रफ गेला. तासाभरात बाजारात पाणी शिरलं.

दुपारभर मी आणि अण्णा माळ्यावर बसून होतो. खाली दुकानात गुडघाभर तांबडं पाणी, त्यात कोणाची तरी चप्पल गोल गोल फिरत होती. माळ्यावर डब्यांत भरलेली घड्याळं, भिंतीवरची चार-पाच मोठी, सगळी आपापल्या वेळेने चालू. अण्णांनी डब्यातली भाकरी पुढे केली. एक घास तोंडात घातला आणि मला सकाळचा माझा हात दिसला. यंत्राचं झाकण उजवीकडून डावीकडे तिरपं धरलेलं, हातात सुई. मी खूण केली होती. अर्थातच केली होती, ती कधी न करता राहते? पण घड्याळाचं झाकण बशीसारखं सपाट असतं, कुठेही केली तरी चालते. या झाकणाला कडेने एक पट्टी होती, जिथे रबराची रिंग टेकते. त्या पट्टीवर केसाएवढा ओरखडा गेला की पाण्याला आत यायला वाट झाली. मी खूण मधोमध केली की कडेवर? डोळे मिटले, हात तसाच धरून बघितला. हात आठवत होता, सुई आठवत होती, झाकण काही केल्या दिसेना. भाकरी मी डब्यात परत ठेवली. अण्णा म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, पाणी वाढतंय.

पाणी उतरलं, दुकानातला चिखल काढला, आणि तो सबंध श्रावण मी ते झाकण मनात उघडत राहिले. त्या पावसाळ्याची म्हणून जी काही आठवण आहे ती अशीच, तुकड्यातुकड्याची. ओल्या पत्र्याचा वास, धुऊन वाळत घातलेले घड्याळांचे पट्टे, भिंतीवर कमरेएवढी राहिलेली तांबडी रेघ. गल्लीत मंगळागौरीच्या बायका फेर धरत होत्या आणि मी मनात साठ फूट पाण्याखाली होते. झाकण उघडून पुन्हा बघता येईल, अशी सोय आमच्या धंद्यात नेहमी असते. आपण केलेली चूक काउंटरपासून फार तर पोलादपूरपर्यंत जाते. ही माझ्या हातून सुटून समुद्रात गेली होती.

खरं म्हणजे सरळ होतं. सांगायचं, की बाबा, माझ्या हातून असं झालं असेल, उघडून बघ. पण कोणाला सांगायचं? मोबाइल आलेले नव्हते. अश्रफ दर शुक्रवारी दासगावला शेजाऱ्यांकडे फोन करायचा, तेव्हा त्याची आई, हलीमाचाची, तिथे जाऊन बसायची. रस्ता मोकळा झाल्यावर मी एसटीने दासगावला गेले. वाटेत सगळी वाक्यं जुळवली होती. चाचीने चुलीजवळ पाट दिला, तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याचं कालवण पुढे ठेवलं. अश्रफचं नाव निघायच्या आधीच म्हणाली, "तुझ्या हातचा सेल हाय त्यात, म्हणून मी निवांत हाय गो."

मी जुळवलेली वाक्यं भाकरीबरोबर खाल्ली. त्याच्याकडून एक चांगला चिमटा मागवायचा आहे, असं खोटंच सांगून कंपनीचा नंबर तेवढा घेतला. महाडला येऊन फोनबूथमध्ये शिरले. पलीकडे कोणीतरी हिंदीत बोलला, अश्रफ बोटीवर आहे, दहा-बारा दिवसांनी येईल. निरोप काय? काचेच्या त्या खोक्यात माझ्या घामाचा वास मलाच येत होता, डोक्यावर बिलाचे लाल आकडे पळत होते. मी म्हटलं, त्याला सांगा, ते कंप्युटर दिवसभर बादलीत बुडवून ठेव आणि मगच वापर. तो म्हणाला, क्यों? मी म्हटलं, ऐसेही, चेक करने के लिए.

ऐसेही. मला पुढे कितीदा तरी तो शब्द आठवला. मी कारण सांगितलं नाही. लाज वाटली, दुसरं काही नाही. इतकी वर्षं खूण करून मिरवलं आणि आता त्याच खुणेपायी एक माणूस अडचणीत आला असं परक्या माणसाला हिंदीत कोण सांगणार? बाहेर आल्यावर लक्षात आलं, की बादलीत पाणी असतं हातभर. साठ फुटांचा दाब बादली काय दाखवणार? म्हणजे निरोपही अर्धा, आणि त्याचा उपयोगही अर्धा.

दासगावची एसटी कुठल्या वेळी येते ते मला अजून पाठ आहे. दर शनिवारी त्या वेळेला, आदल्या दिवशीच्या फोनची काही खबर येते का म्हणून, मी काउंटरवर डोळ्याचं भिंग काढून बसायची. अखेर गौरीगणपतीच्या सुमाराला चाची स्वतः बाजाराला आली आणि उभ्या उभ्या सांगून गेली, पोराचा फोन आला होता, तब्येत चांगली आहे, काम जोरात आहे. माझ्या जिवात जीव आला, आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा गेला. एकदा पाण्यात जाऊन आला म्हणजे ओरखडा नाही, असं थोडंच? पाणी पहिल्याच दिवशी शिरेल असं कुठे लिहिलंय? चाळिसाव्या वेळी शिरलं तर? अण्णांना मी तेव्हा सगळं सांगितलं. ते म्हणाले, खूण नाव सांगायला करायची असते, तू नावच लपवलंस. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही, कारण ते बरोबर बोलले होते.

थंडी गेली, आंबे झाले. घड्याळांच्या झाकणात मी खूण करतच होते, पण आता प्रत्येक वेळी सुई उचलली की हात थांबायचा. पुढच्या जूनमध्ये अश्रफ दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. चांगला धडधाकट, वजन वाढलेलं, माझ्यासाठी खजुराचं खोकं. चिमटाही आणला होता. मी पाणीसुद्धा विचारलं नाही, हात पुढे केला आणि म्हटलं, यंत्र दे.

खाचेत नाणं घालून झाकण फिरवलं, भिंग लावलं. माझी खूण झाकणाच्या बरोबर मधोमध होती. शु, महिना, साल. कडेपासून इतकी लांब, की कडेचा आणि तिचा काही संबंध नाही. वर्षभर मी काय काय बघितलं होतं आणि ही बया इथे मजेत मधोमध बसलेली. मला हसू फुटणार होतं. मग मी झाकण उजेडात थोडं फिरवलं.

माझ्या खुणेच्या खाली दुसरी खूण होती. अ, आणि पुढे महिना, जानेवारीचा. जाड, खडबडीत, नवख्या हाताची. अ ची उभी काठी खाली उतरता उतरता घसरली होती आणि थेट कडेच्या पट्टीवरून आरपार गेली होती. त्या ओरखड्याच्या आतल्या टोकाला मिठाचा पांढरा कण होता. मोहरीएवढाही नाही. सेलापर्यंत पोचायला त्याला अजून करंगळीच्या नखाएवढं अंतर होतं.

अश्रफ मोठ्या अभिमानाने सांगत होता. जानेवारीत पाणी गार झालं आणि सेलची खूण लुकलुकायला लागली. गारठ्यात सेलाचा जोर कमी पडतो, हे तो तिकडे शिकला होता. वर उन्हात भरलेला दिसणारा सेल खाली थंडीत दगा देतो. म्हणून तो पाच दिवस कोरडा राहिला आणि मी दिलेला दुसरा सेल त्याने बोटीवर बसून स्वतः घातला. सगळं माझ्यासारखं. खाच पुसली, रिंग बघितली, ग्रीस चमकेल एवढंच, आणि शेवटी सेफ्टी पिनने खूण. नंतर एक दिवस बादलीत. बादलीचा निरोप त्याला मिळाला होता. तोही कामाचाच भाग असणार, असं त्याने धरलं. खूण कशाला करायची ते त्याला ठाऊक नव्हतं, पण ताई करते म्हणजे काहीतरी असेलच.

त्या खुणेनंतर पाच महिने तो ते यंत्र बांधून पाण्याखाली जात होता.

मी भिंग त्याच्या डोळ्याला लावलं आणि ओरखडा दाखवला. मिठाचा कण दाखवला. मग सगळं सांगितलं. माळ्यावरची दुपार, बूथ, ऐसेही, चाचीची भाकरी. कारण सांगितलं असतं, की बाबा रे, खूण कडेवर गेली तर पाणी शिरतं, तर तू पिन उचललीच नसतीस. माझ्या हाताने काही बिघडलं नव्हतं. मी तोंड मिटून बसले, त्याने हे झालं. सांगता सांगता भर दुपारी, दोन गिऱ्हाइकांच्या देखत, मी रडले. अश्रफ भिंग डोळ्याला तसंच धरून उभा होता. त्याचा दुसरा हात आपोआप गुडघ्यावर गेला, तो पाय ओढणारा सोबती त्याला आठवला असणार. मग त्याने भिंग खाली ठेवलं.

"तेव्हाच सांगायचं होतंस ना गो ताई," एवढंच म्हणाला. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

झाकण नवं मागवलं, ते यायला त्याची सुट्टी संपत आली. जुनं त्याने माझ्याकडेच ठेवलं. निघायच्या आदल्या दिवशी नवा सेल घातला. या वेळी पाकीट त्याच्यासमोर फोडलं, डबा आणि बल्ब जागेवर, खूण नाही. आणि त्या वेळेपासून असं ठरलं, की उतरला असो वा नसो, दर पावसाळ्यात सेल बदलायचा, थंडीची वाट बघायची नाही. मी यंत्र त्याच्या हातात दिलं. त्याने ते खिशात घातलं नाही, काउंटरवर ठेवलं, स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "सांग आता. काय काय भ्या हाय तुला?"

मी सांगितलं. ग्रीस एका जागी जास्त झालंय की काय. रिंग नवी आहे पण कुठल्या साली बनली ते पाकिटावर नाही. सेल मीटरवर चांगला आहे, पण गार पाण्यात मी तो बघितलेला नाही. झाकण फिरवताना शेवटी थोडं कट्ट झालं, ते तसंच असतं की आटा चुकला, मला खात्री नाही. तो एकेक बोट मिटत ऐकत होता. कशावर मान हलवायचा, कशावर म्हणायचा, हे तिकडे बघतो. झाकण तर त्याने पुन्हा उघडून आटा बघितला. सगळं संपल्यावर विचारलं, अजून काही? मी म्हटलं, नाही. मग त्याने ते खिशात घातलं. पुढची सात-आठ वर्षं, तो पाण्यात जात होता तोवर, दर सुट्टीच्या शेवटी आम्ही हे केलं. माझ्या या स्वभावाचा कोणाला कधी काही उपयोग झाला असेल, तर त्या अर्ध्या तासात.

आता अण्णा नाहीत. खूण मी कोणत्याच झाकणात करत नाही. काय केलं आणि कुठे शंका आहे, ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते. पुष्कळ गिऱ्हाइकं ते ऐकून दुसऱ्या दुकानात जातात. अश्रफ केव्हाच परत आला, दासगावला त्याच्या दोन जीप आहेत, केस पिकलेत.

भोंग्याची रिक्षा गेली आणि पाण्याची पहिली जीभ गटाराच्या तोंडाशी दिसली, तेव्हा मी माळ्यावर, डबी मांडीवर घेऊन बसले होते. फोन वाजला. पलीकडून तो म्हणाला, इकडे खाडी तुंबलीय, सगळं वर चढवलं काय? मी म्हटलं, चढवलं. मागे पाऊस वाजत होता, त्याच्याकडचा आणि माझ्याकडचा.

"सांग," तो म्हणाला.

मी सांगायला लागले.